सहीविना आलेला निळा रंग

आमच्या चादरीच्या कारखान्यात टेलेक्स आला तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता, आणि मी टायपिंगची परीक्षा पास झालेली एक तिरसट मुलगी होते. गिरणीत छाती खराब झाल्यानं वडील घरी बसलेले. घर माझ्या पगारावर. धाकले मालक म्हणाले, "टेलेक्स चालवाल का?" मी म्हटलं, चालवते की! टेलेक्स कशाशी खातात हे मला कुठं ठाऊक होतं?

टाइपरायटरला टेलिफोनची तार जोडावी तसं ते धूड. मुंबईच्या निर्यातदाराच्या कचेरीत कुणी टाइप केलं की इकडं सोलापुरात आमच्या कागदावर अक्षरं उमटायची. पहिल्यांदा उमटली तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उभीच राहिले. कुणाचा हात नाही, बोट नाही, आणि अक्षर! अंगावर सरसरून काटा आला. खरं सांगते, आजही येतो.

धाकल्या मालकांनी मुंबईवाल्यांशी ठरवून टाकलं : पहिल्या ओळीत नक्षीचा नंबर, दुसरीत रंग, तिसरीत नग, चौथीत तारीख. बाकी एक अक्षर नको. त्यांचे वडील, थोरले मालक, भडकले. "नमस्कार न्हाय, चमत्कार न्हाय, ह्येला काय पत्र म्हणायचं? आन् सही कुटं हाय? सहीबिगर माज्या कारखान्यात सूत भिजत न्हाय!" वर मुलाला दम भरला, "परदेशाची ही पयली ऑर्डर. वाट लागली तर ते डबडं आदी भाईर." डबडं बाहेर म्हणजे मीही बाहेर. घरी चूल कशी पेटणार, या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही.

ती ऑर्डर लाल रंगाची होती आणि तिचं सहीचं पत्र पोस्टानं रीतसर आलेलं होतं. रंगवायच्या दिवशी नेमके धाकले मालक बाहेरगावी. आमच्या रंगखान्याची एक रीत होती. नवा रंग लावताना रंगारी टाकीला हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा आणि मगच भट्टी पेटवायचा. पूजा करून पेटवलेली भट्टी तो रंग चढल्याशिवाय विझवायची नाही. विझवली तर वर्षभर सूत रंग धरत नाही म्हणे. रंगारी तेलुगू घरातला, वयस्कर माणूस. त्याच्या भट्टीत लुडबूड करायची थोरल्या मालकांचीही टाप नव्हती.

नारळ फुटला, पाणी तापायला लागलं, आणि इकडं यंत्र खडखडलं. चार ओळी. पहिलीत तोच नक्षीचा नंबर, दुसरीत लालच्या जागी निळा! मी कागद टर्रकन फाडला आणि धावतच रंगखाना गाठला.

"सही?" थोरले मालक म्हणाले.

"टेलेक्सला सही नसते हो, मालक!" मी चक्क ओरडले. "लाल रंगवलं तर घेणार कोण?"

"आन् कुणी टवाळानं धाडलं असंल तर? तुज्या चार ओळींवर भट्टी विजवू व्हय गं?"

ट्रंक कॉल लावावा, तर तो लागेपर्यंत लाल रंग चढून सूत वाळलंही असतं. मला सणकच आली. "चला माझ्याबरोबर," म्हटलं. थोरल्या मालकांशी असं कुणी बोलत नसे. पण आले बापडे, चपला टेलेक्सच्या खोलीबाहेर काढून.

टेलेक्स मात्र लगेच लागायचा; मी त्यावर मुंबईचा नंबर फिरवला. दुपारची वेळ, तिकडची कचेरी जेवायला गेलेली असणार. समोरच्या यंत्राला 'तू कोण?' असं विचारायची एक कळ असते. ती दाबली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, मालकांना दिसावेत म्हणून. यंत्र गुरगुरलं आणि त्या निर्यातदाराचं नाव, नंबर कागदावर उमटवून गप्प झालं. निळा रंग कळवणाऱ्या कागदाच्या माथ्याशीही यंत्रानं उमटवलेलं तेच नाव होतं, तोच नंबर.

"तितं कोण बसलंय?"

"कुणी नाही. सगळे जेवायला गेलेत."

"मग बोललं कोण?"

"यंत्रच बोललं, मालक. आपलं नाव ते आपणच सांगतं."

"आरं देवा!" म्हातारा एवढंच म्हणाला आणि कागदाला बोट लावून बघायला लागला. शाई ओली होती. रिकाम्या खोलीनं इतक्या लांबून ओ दिली होती!

मग ते तडक रंगखान्यात गेले. टाकीला हात जोडले, वाकले आणि पेटलेली लाकडं स्वतः ओढून बाहेर काढली. रंगारी तोंड फिरवून उभा राहिला. सुताच्या लड्या काठीवर कोरड्याच होत्या.

धुरानं लाल झालेले डोळे पुसत मालक माझ्याकडं वळले. "बाई," म्हणाले. तोवर माझ्याशी कधी अगं-तुगंशिवाय बोलले नव्हते. "दुपारच्याला जेवाय घरी जाता न्हवं तुमी? उद्यापासनं डबा हितंच आणा. ते बोलाय लागलं आन् ऐकाय कुणीच नसलं, तर कसं व्हायचं?"

मी कशीबशी मान हलवली आणि तिथंच, त्या सगळ्यांसमोर, रडायला लागले.