जीप तापते कशाने

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रियाधहून अल खफजीला मेव्हण्याकडे जाताना आमची जीप पुन्हा तापली, तर तिच्यामागे जोडलेली माझी पन्नास वर्षांची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, विकली जाईल. हुकूम बायकोचा. दोन महिन्यांपूर्वीच्या वाळूच्या वादळानंतरच्या दोन्ही सहलींत इंजिन उकळलं होतं, आणि तिच्या मते दोष त्या जड म्हातारीचा होता.

मी निर्धास्त होतो. रियाधच्याच अल सुलै भागातल्या गॅरेजमधले रत्नागिरीचे मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, कॅराव्हॅनला पॉलिश मारून काय होणार? ओझं जीप ओढते, तिचं बघा." म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, कूलंट नवं भरलं, टायरांतली हवा तपासली. शिवाय माझा एक खास इलाज होता. गावी आम्ही नळाला फडकं बांधायचो, गाळ अडायचा. तसंच वादळानंतर घरात सापडलेलं एक सुती फडकं चौपदरी करून मी जीपच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरवर बांधलं होतं. आता वाळू आत जाणार कशी? गॅरेजला जाताना मात्र ते सोडून ठेवायचो. तिथले कारागीर फार हसतात. शहरात कॅराव्हॅनशिवाय जीप कधी तापली नाही, त्यामुळे इलाजावर माझी पूर्ण श्रद्धा.

दम्मामच्या अलीकडे तापमानाचा काटा चढू लागला. मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते.

"या उन्हात हीटर?" बायको म्हणाली.

"पाचच मिनिटं."

"अहो, भजी तळताय का माझी?"

तरीही काटा लाल रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. बायको उतरून पुढे गेली, वाकून जाळीतून पाहिलं आणि मला बॉनेट उघडायला लावलं. फडकं बाहेर आलं. धुळीखाली जांभळी फुलं दिसत होती.

"रेडिएटरला वारा लागणार कसा?" तिने विचारलं.

मी क्षितिजाकडे बारकाईने पाहत राहिलो.

इंजिन निवल्यावर निघालो. एसी चालू, काटा मधोमध, कॅराव्हॅन शहाण्यासारखी मागे.  मग मांडीवरची ती जांभळ्या फुलांची ओढणी उलगडत बायको एकदम म्हणाली, "कॅराव्हॅन राहू दे. पण लाँड्रीवाल्याची माफी तुम्ही मागायची. ही ओढणी त्याने हरवली म्हणून मी दोन महिने त्याच्याशी बोलत नाहीये."