व्याह्यांच्या दंडावरचं मशीन

मला एचआयव्ही आहे हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि पन्नाशी काही आपल्याला दिसत नाही असं धरूनच चाललो होतो. मग सरकारी गोळ्या आल्या आणि माझं मरायचं राहून गेलं. पन्नाशी आली, गेली, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले. एक दिवस पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता तुमच्या हृदयाकडे लक्ष द्यायला हवं. वय झालं." वय झालं हे ऐकून एवढा खूश झालेला माणूस त्यांनी तोवर पाहिला नसावा.

आजार कसा झाला ते बायकोला सांगून झालंय, तेवढं पुरे. तिला तो नाही, मुलीलाही नाही. गावात मी बीपीच्या गोळ्या घेतो असं सांगितलं होतं. बीपी हा आमच्याकडे अब्रूदार आजार. पेठेत हमरस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, तिथं जळालेला पंप घेऊन येणारा प्रत्येक जण मला लसूण खायला सांगून जायचा. मी हो म्हणायचो. एचआयव्हीसाठी कुणी लसूण सुचवला असता की नाही कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की आमच्यासारख्या जुन्या पेशंटांचं हृदय इतरांपेक्षा लवकर दमतं. बीपीची गोळी आधीपासून दिली तर ते टिकेल का, हे त्यांना तपासायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कोणती हे खुद्द बाईंनाही माहीत नाही. या पद्धतीनं मी मोटारी दुरुस्त केल्या असत्या तर शेतकऱ्यांनी मला माझ्याच दुकानात बांधून घातलं असतं. पण बाई प्रामाणिक होत्या, माहीत नाही ते माहीत नाही म्हणायच्या. मी सही केली.

तपासणीत एक मशीन होतं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. एक दिवस-रात्र ते अंगावर वागवायचं. दर अर्ध्या तासानं ते आपोआप घरघरायचं, पट्टा दंड आवळायचा. तेवढा वेळ हात लोंबता सोडायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. आकडे डबीवर दिसत नसत, ते बाईंच्या कॉम्प्युटरवरच कळायचे. "काढू नका, आणि कुणाला हात लावू देऊ नका," बाईंनी बजावलं. मी म्हटलं, मशीनला परका हात लागलेला मलाच खपत नाही.

मशीन बांधून घरी पोचतो तोच फोन, की लेण्याद्रीकडचे पाव्हणे आजच सुपारी फोडायला येताहेत. मुलगी त्यांनी आधीच पाहिली होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं. मी बायकोला मशीन दाखवलं. ती म्हणाली, "वरून जाकीट घाला आन् गप बसा."

होणारे व्याही म्हणजे एकेकाळचे पैलवान. कान दुमडलेले, मान बैलासारखी. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की आयुष्यात सुई टोचून घेतलेली नाही आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या अजून मधे न थांबता चढतो. चहा झाला, मानपान ठरलं. त्यांनी सुपारी हातात घेतली आणि मला विचारलं, "मंग पावणं, तुमची पसंती हाय न्हवं?"

नेमकं तेव्हाच मशीन घरघरलं.

मी हात लोंबता सोडून भिंतीकडे बघत बसलो. पाव्हणे माझ्याकडे बघत बसले. बायको दारातून डोळे वटारत होती. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "देण्याघेण्याचं काय राह्यलं आसंल तर बोला की," ते म्हणाले. मी बोलेना. त्यांचे भाऊ टोपी उचलून उठायला लागले. एवढ्यात पट्टा सैल झाला आणि मी एका दमात ओरडलो, "पसंती आहे, पसंती आहे, बीपीचं मशीन चालू होतं."

सुपारी फुटली, पण आता सुपारीत कुणाला रस राहिला नव्हता. जाकीट काढायला लावलं. मशीन सगळ्यांनी वाकून पाहिलं. व्याह्यांनी शर्टाची बाही वर केली. "बांदा मला. बगू तरी पैलवानाचं बीपी किती भरतंय."

नुसता पाव्हणा असता तर नाही म्हटलं असतं. हे मुलाचे बाप होते आणि सुपारीचे तुकडे अजून ताटात होते. सुपारीच्या दिवशी मुलाच्या बापाला नाही म्हणायची आमच्या तालुक्यात रीत नाही. मी पट्टा सोडला आणि त्यांच्या दंडाला बांधला. दंड एवढा, की पट्टा जेमतेम पुरला. बटण दाबून मशीन चालू केलं. ते घरघरलं, थांबलं, पुन्हा फुगलं. "लई जोर लावतंय," व्याही कौतुकानं म्हणाले. मग त्यांच्या भावानं बांधून घेतलं. मग जीपच्या ड्रायव्हरनं. मग माझ्या सख्ख्या भावानं, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. कुणालाच आकडा कळला नाही, तरी सगळ्यांना आपापलं बीपी नीट असल्याची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "काका, काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"घरीच."

"आणि कोण कोण होतं?"

मी सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग चिडल्या. तपासणी वाया गेली होती, मशीन पुन्हा बांधावं लागणार होतं. मग त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हा माणूस कोण? असं बीपी असलेला माणूस कधी कोसळेल सांगता येत नाही. त्याला आजच्या आज डॉक्टरकडे जायला सांगा. कुठल्याही."

सुपारीनंतरचा तो पहिलाच आकडा, म्हणजे पैलवानाचा होता.

मी दवाखान्याबाहेरूनच फोन लावला. व्याही खदाखदा हसले. "ओ पावणं, तुमच्या मशीनला पैलवान पेलला न्हाई. हे आसलं मशीन कोण देतं तुमाला? आमच्या आळीत बीपीवाले धा जण हायती, एकाच्याबी कमरंला डबी न्हाई. कुणीतरी बनवलंय तुमाला." आणि फोन ठेवला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मशीन मलाच का दिलं, हे सांगितल्याशिवाय त्यांना ते खरं वाटणार नव्हतं. आणि ते सांगितलं तर फुटलेली सुपारी परत यायची, मग गावोगाव कारण कळायचं, मग पोरीला कोण विचारणार? मला भीती वाटत होती, आजार कळला त्या दिवशीपेक्षा जास्त.

"लगीन होऊ द्या, मंग सांगा," बायको म्हणाली. "पैलवान माणूस हाय, म्हैनाभर काय व्हत न्हाई." मला ते ऐकून फार बरं वाटलं. सकाळी मात्र तिनंच माझी चप्पल दारात आणून ठेवली. "मांडवात त्यांना काय झालं तर मी त्यांच्या बायकूला काय तोंड दाखवू? जा, सांगून या."

व्याही टोमॅटोच्या वावरात होते. बांधावर बसून मी सांगितलं. मशीन कुणाला देतात, मला का दिलं, गोळ्या खऱ्या कशाच्या. ते टोमॅटोच्या काठीला सुतळी बांधत होते, ती बांधायची थांबली. मी घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागलो.

"पोरीला हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिच्या आईलाही नाही."

"आन् तुमी लग्नापर्यंत जगताय न्हवं?"

"डॉक्टर तर म्हणतात म्हातारा होईन."

"मंग झालं." सुतळी बांधून झाली. मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "खरंच लई हाय का वो माजं बीपी?"

गावच्या डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात. तालुक्यात कुस्त्या मारलेला माणूस, दवाखान्यात दिसला तर गाव काय म्हणेल? शेवटी माझ्याच बरोबर पुण्याला आले, माझ्याच बाईंकडे. बाईंनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि अर्धा तास बसायला सांगितलं, पुन्हा मोजायचं होतं. मला दुसऱ्यांदा मशीन बांधायचं होतं. दाराबाहेर बाकडं, बाकड्याच्या वर भिंतीभर अक्षरांत एचआयव्ही विभागाची पाटी. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसा, मी आवाज देतो." ते बाकड्यावर बसले. बाकडं करकरलं.

एवढ्यात नारायणगावच्या बाजारातला एक टोमॅटोचा व्यापारी समोरून गेला, थबकला, मागे आला. त्यानं व्याह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर पाटीकडे. तो मलाही ओळखत होता, त्याच्या दोन जळालेल्या मोटारी मी तार भरून दिल्या होत्या.

"पैलवान, हितं? कुणाला आणलंय?" डोळे माझ्यावरच होते.

"कुणाला न्हाई," व्याही म्हणाले. "माजीच तपासणी हाय. हे पावणं सोबतीला आल्यात."

व्यापारी निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळा बाजार हेच बोलणार हे मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे वाकून कानात सांगितलं,

"पर बीपीचं मातुर त्याला कळू देऊ नका."