आत्याबाई टीव्हीवर, मी गच्चीवर

टीव्हीची छत्री बसवायला मी गच्चीवर चढले, तेव्हा माझ्याकडे एक पाना, एक मोबाईल आणि भरपूर आत्मविश्वास होता. त्यातला पाना शेजारच्या शाहीनभाभींचा होता.

वेळच तशी आली होती. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) टीव्हीवर दिसणार होत्या! उमरीजवळच्या आमच्या रानात शेतीच्या कार्यक्रमवाले येऊन त्यांच्या हळदीचं शूटिंग करून गेले होते. आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसून, कॅमेऱ्याला दम दिल्यासारखं भाषण ठोकलं होतं. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागणार होता. त्यासाठी पुण्याहून माझी धाकटी नणंद प्रज्ञा आली, हिमायतनगरहून आत्याबाईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा आले. आणि आदल्याच दिवशी असं वारं सुटलं की आमची जुनी छत्री गच्चीवरून उडाली ती थेट पलीकडच्या गोठ्यात, म्हशीच्या पुढ्यात! म्हशीला काही झालं नाही. तिनं छत्रीवर नुसता पाय ठेवला. छत्रीचा पापड झाला.

आमच्या ह्यांनी धावतपळत नांदेडहून नवी छत्री आणि नवा डबा आणला. पण बसवणारा माणूस लातूरला मेव्हण्याच्या लग्नात होता. त्याला फोन लावला तर नुसता बँडच ऐकू येत होता.

"आता गं कसं?" आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. "साऱ्या गावाला सांगून बसले मी."

"आत्याबाई, मी बसवते की," मी म्हणाले.



"तुला येतं?" ह्यांनी विचारलं.

"त्यात काय यायचंय! मी नर्स हाय. लोकांच्या न दिसणाऱ्या शिरा मला पहिल्या झटक्यात सापडतात. एवढा मोठा उपग्रह सापडणार न्हाई?"

ह्यांनी नुसता आपला दंड चोळला. (माझ्या हातचं इंजेक्शन त्यांनीही घेतलेलं आहे.)

व्हिडिओतला माणूस सांगत होता, छत्री आग्नेयेला करा. मी मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं. ते मी वळले की वळायचं, थांबले की थांबायचं आणि पाण्याच्या टाकीजवळ गेले की भोवळ आल्यासारखं गरगरायचं! तेवढ्यात मला शाहीनभाभींच्या गच्चीवरची छत्री दिसली. झालं की काम! दिशा बघायची कशाला? त्यांच्यासारखीच आपली लावायची! मी मान तिरपी करकरून त्यांच्या छत्रीचा कोन टिपला आणि आमची छत्री तंतोतंत तशी केली. खालून ह्यांचा आवाज आला, "सिग्नल न्हाई!" मी पुन्हा निरखून पाहिलं, आणखी तंतोतंत केली. "अजिबात न्हाई!"

शेवटी भाभी वाळलेले कपडे काढायला वर आल्या. "काय करून राहिलीस गं?"

"तुमची छत्री बघून आमची लावून राहिले, भाभी."

"या अल्ला! अगं, ती तर कवाची बंद हाय! चिमण्यांना पानी ठेवायला उताणी करून टाकली मी!"

तरीच! दोन्ही छत्र्या सरळ आभाळाकडे तोंड करून पडल्या होत्या. पण उपग्रह वरच असतो ना? भाभींच्या छत्रीत एक चिमणी आंघोळ करत होती, तेही मी मनावर घेतलं नव्हतं.

मग मी नव्या जोमानं सुरुवात केली. मामा रिमोट घेऊन टीव्हीपुढे, हे जिन्यात, मी वर. मी छत्री तसूभर सरकवायची आणि ओरडायचं, "आलं का?" मामा म्हणायचे, "न्हाई!" हे वर ओरडायचे, "न्हाई!" असं आमचं भजन सुरू होतं. आणि अचानक खालून खणखणीत आवाज आला, "आलं! भरपूर आलं!"

मी आनंदानं उडीच मारली. सगळे नट करकचून आवळले, तोंडाला काळं लागलेलं तसंच घेऊन धाडधाड जिना उतरले. टीव्हीवर निळाशार पडदा!

"आलं म्हणाले ना कोणी?"

"मी म्हणाले," स्वयंपाकघरातून प्रज्ञा बाहेर आली. "चहात टाकायला हवं होतं. फडताळात भरपूर निघालं."

हिचं लग्न होऊन हिला पुण्याला दिल्याचा आम्हाला असा फटका बसला. इथं जन्मभर अद्रक म्हणणारी पोरगी, तिकडं जाऊन आलं म्हणायला लागली!

करकचून आवळलेले नट सोडवताना माझा जीव निघाला. पुन्हा भजन. आणि या वेळी खरोखर चित्र दिसलं! आम्ही सगळे टीव्हीपुढे जमलो. एक बाई भल्यामोठ्या कढईत मासे तळत होती आणि कुठल्याशा भाषेत गोड गोड बोलत होती. आत्याबाईंनी पाच मिनिटं आदरानं पाहिलं.

"हे काय हाय गं? माझी हळद कुठं हाय?"

"ती काय, आत्ताच तेलात टाकली तिनं," मामा म्हणाले.

कार्यक्रमाची वेळ होत आली. बैठकीत आता गल्लीतल्या बायका येऊन बसल्या होत्या, शाहीनभाभीसुद्धा. मी देवाला नाही, हातातल्या पान्यालाच हात जोडले आणि पुन्हा वर पळाले. छत्री दोन्ही हातांनी धरून जरा दाबली, जरा पिळली, आणि खालून एकच कल्ला उठला, "लागलं! लागलं!" मी हात काढला. "गेलं!" पुन्हा धरली. "लागलं!"

"हात काढू नको!" हे जिन्यातून ओरडले. "आई दिसणारच आता!"

मी एक पाय कठड्यावर, एक पाय पाण्याच्या पाइपावर, कंबर वाकडी, दोन्ही हात छत्रीला, अशी गोठले. नाकावर डास बसला. बसू दिला. श्वाससुद्धा मी बेतानं घेत होते. खालून टाळ्या ऐकू आल्या, हशा ऐकू आला, भाभींचं "वाह वाह!" ऐकू आलं. माझे डोळे भरून आले.

"अहो, दिसतंय का?" मी ओरडले.

"एकदम क्लियर!"

"थोडं डावीकडं करू का?"

"काही नको! झकास दिसतंय!"

म्हटलं, काय हात आहे आपला! मग खालचा गलका कमी झाला. मला वाटलं, सगळे मन लावून बघताहेत. कपबशा वाजल्या. फाटकही दोन-तीनदा वाजलं. मी काही हलले नाही. बऱ्याच वेळानं आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या.

"अगं बया! तू हितंच हायस व्हय?"

"कशा दिसलात, आत्याबाई?"

"लई झाक! नटीवाणी! प्रज्ञीनं तिच्या फोनात लावून दिलं बघ."

"फोनात?"

मागून हे आणि प्रज्ञा आले. कार्यक्रम सुरू झाला आणि लगेच टीव्हीवरचं चित्र गेलं होतं. मग प्रज्ञानं तो फोनवर लावून फोन टीव्हीलाच टेकवून ठेवला होता.

"आणि तुम्ही क्लियर म्हणाला ते?"

"तू विचारलंस, दिसतंय का. दिसत होतं," हे म्हणाले.

"पण मग मला हाक तरी मारायची!"

"वहिनी, मारणारच होते गं," प्रज्ञा म्हणाली, "पण तू इतक्या मनापासून धरली होतीस, तुझं मन मोडवेना."

खाली चहा झाला होता, चिवडा झाला होता, आल्यागेल्यांचे निरोपसुद्धा झाले होते. अख्ख्या उमरीत तेवढ्या वेळात टीव्ही न लागलेलं घर एकच, आमचं. आणि त्याची छत्री वाऱ्यानंसुद्धा हलू नये, म्हणून जिवाचं रान करणारी मी!