नकाशाची अर्धी चावी

नारायणकाका गेल्याचा फोन केदारखेड्याहून आला तेव्हा मी नवीन जालन्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. फोन ठेवून पुन्हा फळ्याकडे वळले, कारण अर्धवट सोडलेला तास काकांना आवडला नसता. त्याला आता दीड महिना झाला.

काका भूमापक. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले. निवृत्तीनंतर केदारखेड्यातली विहीर न् विहीर पालथी घातली, कुठे किती खोल पाणी लागतं ते लोकांना विचारलं, आणि साठीनंतर माउस धरायला शिकून तो सगळा नकाशा माझ्या कॉम्प्युटरवर चढवला. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं पाणी होतं ते. आणि मी काय केलं? जमिनी घेणारा एक गोडबोल्या आला, "काकांनीच पाठवलंय" म्हणाला, आणि मी फ्लॉपी भरून दिली! त्यानं अंगणवाडीच्या गयाबाईंच्या विहिरीलगतची पट्टी घेतली, खोल बोअर मारलं. होळीआधीच गयाबाईंची विहीर आटली.

काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही बाजूचे मालक उभे असल्याबिगर म्या कधी हद्दीचा दगड रोवला न्हाई. ह्यालाबी तसंच कुलूप कर." मग तसंच केलं. पासवर्डचा पहिला अर्धा भाग ते टाकत, दुसरा मी. दोन्ही जुळल्याशिवाय पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी. स्वतःचा भाग एका बोटानं टाकताना दर वेळी हुकूम, "तोंड तिकडं कर, पोरी." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी.

"माझ्यावर भरोसा नाही का काका?"

"तुझ्यावर हाय. तुझ्या भिडस्तपणावर न्हाई."

शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, म्हणाले, "माझी अर्धी चावी गयाबाईपाशी देऊन ठेवली." गावात दुसरं कुणी नव्हतं? विहीर आटल्यापासून मी त्यांच्यासमोर गेले नव्हते, आणि काकांना ते बराबर ठाऊक होतं.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गोडबोल्या क्लासात हजर. "काकांची आठवण म्हणून नकाशाची एक कॉपी..."

"एकटीला उघडत नाही. उघडला तरी तुम्हाला मिळणार नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, मुलं वळून बघत होती. बघू देत.

पण गावाची सार्वजनिक विहीर कुठे खणायची हे उन्हाळ्याआधी ठरायचं होतं, आणि त्यासाठी नकाशा हवा होता. केदारखेड्याला गेले. अंगणवाडीच्या दारातच गयाबाईंना सगळं सांगितलं, फ्लॉपीसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"काकानं तवाच सांगितल्तं मला. तुमी सोता येऊन सांगावं म्हणून थांबल्ते... चला मंग, जल्दी. गावाच्या विहिरीचं बघायचंय."

तशाच दोघी जालन्याला क्लासात आलो. कॉम्प्युटरसमोरची काकांची खुर्ची मी हलवलेली नाही. गयाबाई तिच्यात बसल्या, पदर खोचला, एक बोट उचललं आणि थांबल्या.

"म्याडम, तोंड तिकडं करा."

मी कॅलेंडरकडे वळले. पाठीमागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत राहिला, आणि मी मान वळवली नाही.