हर्ड बेटाचा कायदा आणि आमच्या कमलबाई

डॉ. कमल देवस्थळी यांच्या वर्गात मी पहिल्यांदा गेले ती चुकून. अमरावतीहून कनेक्टिकटला येऊन मला पुरता आठवडाही झाला नव्हता. शहरांच्या भूगोलाचा वर्ग शोधता शोधता मी भलत्याच दारातून आत शिरले. समोर निळी सुती साडी आणि वर जाड लोकरी कोट घातलेल्या एक बाई पृथ्वीचा गोल आडवा धरून उभ्या होत्या. हिंदी महासागराच्या पार तळाशी असलेल्या एका ठिपक्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली होती आणि त्या विचारत होत्या, "इथे एकही माणूस राहत नाही. मग इथला कायदा कोणासाठी?"

उत्तर मला येत नव्हतं, पण मी उठूनही गेले नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला दारात गाठलं आणि सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही वर्ग चुकलात ना? वहीवर नाव मराठीत लिहिलंय तुमचं."

"हो," मी म्हटलं, "पण परवाही चुकले तर चालेल का?"

"चालेल. मात्र चुकायचं तर वेळेवर चुकायचं."

अहो-जाहो तेवढ्या एका दिवसापुरतं राहिलं. पुढच्या तासापासून मी 'अगं' झाले आणि त्या माझ्या 'बाई'. अमेरिकन विद्यार्थी त्यांना नुसतं 'कमल' म्हणत. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही.

तो ठिपका म्हणजे हर्ड बेट. ऑस्ट्रेलियापासून नैर्ऋत्येला सुमारे चार हजार किलोमीटरवर, जवळजवळ सगळंच हिमनद्यांखाली, मधोमध जागृत ज्वालामुखी. झाड एकही नाही. वारा मात्र बारमाही. एकोणिसाव्या शतकात आमच्या या कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरूनच शिकारी जहाजं तिथे जात. समुद्री हत्ती, म्हणजे सोंडेसारख्या नाकाचे अजस्र सील, मारून त्यांची चरबी उकळायची आणि तेलाची पिंपं भरून परतायचं. त्या जहाजांच्या रोजनिश्या इथल्या गावोगावच्या कपाटांत पडून होत्या. बाईंनी त्या वर्षानुवर्षं वाचल्या. कोणत्या साली हिमनदी कुठवर होती आणि वाळूची जीभ समुद्रात किती शिरली होती, हे त्यांनी त्या खलाशांच्या मोडक्यातोडक्या वाक्यांतून शोधून काढलं.

त्यांच्या अभ्यासाची दुसरी बाजू कारभाराची. ब्रिटननं हे बेट ऑस्ट्रेलियाच्या स्वाधीन केलं. तिथे लागू होतो तो कॅनबेराचा कायदा, आणि खटला उभा राहिलाच तर तोही कॅनबेराच्या न्यायालयात. तिथे ना अंमलदार, ना चौकी. बाईंचे वडील धारवाडकडे मामलेदार होते. लहानपणी त्यांच्याबरोबर फिरतीवर गेल्याच्या गोष्टी त्या वर्गात सांगत. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावात कोणीच पोचत नसे, तेव्हा तिथे सरकार असे की नसे, हा प्रश्न म्हणे त्यांना सातव्या-आठव्या वर्षीच पडला होता. त्यांचे यजमान वसंतराव पाहुण्यांना सांगत, "आमच्या घरी तीन माणसं आणि एक बेट." तिसरा माणूस म्हणजे मुलगा निखिल. आम्ही मराठीत विचारावं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा त्याच्याशी आमचा संवाद चाले.

बाईंच्या मायेबद्दल त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात पुष्कळ जणी लिहितील. त्यांतल्या निम्म्या जणींना ड्रायव्हिंग बाईंनीच शिकवलं आहे. रविवारी सकाळी सुपरमार्केटचा पार्किंग लॉट रिकामा असे. तिथे बाई शेजारी बसत आणि म्हणत, "आधी ब्रेक शीक. चालवायला काय, सगळ्यांनाच येतं." मी दिव्याच्या खांबाला गाडी घासली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उतरून त्यांनी आधी खांब पाहिला, मग गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "खांब ठीक आहे. चल, पुन्हा."

मला मात्र सांगायचं आहे ते आमच्या सफरीबद्दल.

हर्ड बेटाच्या वाळूवर माझा प्रबंध चालला होता. एका खासगी मोहिमेचं जहाज तिकडे निघालं आणि त्यात बाईंना व मला जागा मिळाली. ज्या बेटावर बाईंनी उमेदीची वर्षं घातली होती, ते त्या पहिल्यांदाच पाहणार होत्या. बेटावर उतरण्याच्या परवानगीवर शास्त्रीय कामाच्या जबाबदार म्हणून त्यांची सही होती. ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून निघाल्यावर त्या दोन दिवस उलट्यांनी आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी सगळ्यांना बेटाचा इतिहास सांगितला.

आम्ही पोचलो त्या सकाळी समुद्र नवल वाटेल इतका शांत होता. उतरवायच्या पेट्या डेकवर आणल्या होत्या. किनाऱ्यावर तळ ठोकून सगळ्यांनी काही आठवडे राहायचं असं ठरलेलं होतं. बाई पेट्यांवरून नजर फिरवत होत्या. ओटच्या एका पोत्याजवळ त्या खाली बसल्या आणि त्यांनी मोहिमेच्या प्रमुखांना बोलावलं. पोत्याच्या कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या.

"कमल, समोर बर्फ आहे," प्रमुख म्हणाले. "उंदीर दोन दिवसांत मरेल."

"शेजारच्या कर्गेलेन बेटावरही कोणीतरी असंच म्हणालं असेल. तिथे आज उंदीर आहेत, ससे आहेत, मांजरं आहेत. इथे अजून यांतलं काहीच नाही, म्हणून पक्षी जमिनीवर घरटी करतात."

"पण कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही," बाई म्हणाल्या आणि रेडिओच्या खोलीकडे गेल्या.

बेटाचा कारभार पाहणाऱ्या टास्मानियातल्या कचेरीचा आवाज खरखरत आला. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "डॉक्टर, त्या भागात आज आमचं दुसरं कोणी नाही. तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य."

बाई बाहेर आल्या. पेट्या जहाजावरच राहतील, त्यांच्या देखत एकेक उघडली जाईल आणि पूर्ण तपासल्याशिवाय काहीही खाली जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हवा टिकली आहे तोवर एक छोटी होडी फक्त मोजणीची उपकरणं घेऊन जाईल. होडीत दोन माणसं. एक मोजणीदार ठरलेलाच होता. दुसऱ्या कोण, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. बाई माझ्याकडे वळल्या.

"तू जा."

"बाई, अहो तुम्ही..."

"पेट्या उघडताना मला इथे थांबायला हवं. सही माझी आहे. आणि प्रबंध तुझा आहे. बूट दाखव."

डेकवर मांडी घालून त्यांनी माझ्या बुटांचे तळवे टूथब्रशनं स्वतः घासले.

मी बेटावर दुपारपर्यंत होते. काळी वाळू, कोसळणाऱ्या बर्फाचा गडगडाट, शिकाऱ्यांची गंजलेली कढई आणि तिच्याशेजारी निवांत उभे असलेले पेंग्विन. मोजमापं होतात न होतात तोच वारा उठला आणि आम्हाला परत बोलावलं. तोवर जहाजावर एका पेटीत ओटच्या भुशात उंदरीण सापडली होती, पिल्लांसकट. पुढे वारा थांबलाच नाही. बरेच दिवस वाट पाहून जहाज फिरलं.

निघताना ढग जरा विरले आणि शिखर दिसलं. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"बाई, वाईट वाटतंय?"

"वाटतंय तर. फार वाटतंय." त्यांनी रुमालानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आता नीट सांग. वाळू पायाखाली भुसभुशीत होती की घट्ट?" मी सांगत गेले आणि त्या विचारत गेल्या, बेट ढगांत दिसेनासं झालं तरीही.

या निर्णयाची किंमत त्यांना मोजावी लागली. ज्यांचं काम बुडालं त्यांतले काही जण आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. विद्यापीठाकडे तक्रार गेली. पुन्हा कोणत्या मोहिमेचं बोलावणं आलं नाही. माझ्या तुटपुंज्या मोजमापांना रोजनिश्यांची जोड देऊन प्रबंध उभा करायला त्यांनी माझ्यासोबत दोन हिवाळे घालवले. गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियानं बेटाच्या संरक्षणासाठी कडक नियम लागू केले. बाईंनी ते वर्गात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या बेटावर आजही उंदीर नाही, हे त्या दिवशी वर्गाला मी सांगितलं आणि तो का नाही, हेही.

गेल्या महिन्यात मी साठीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. त्या म्हणाल्या, "साठ म्हणजे काय गं? हिमनदीला विचार, हसेल ती."

हिमनदीचं आयुष्य मागणं जरा जास्तच होईल. म्हणून बाईंसाठी आम्ही सारे इतकंच मागतो: पायऱ्या चढताना न कुरकुरणारे गुडघे, जुनं अक्षर लावता येईल अशी नजर, वसंतरावांची सोबत आणि उत्तर न येताही उठून न जाणारे विद्यार्थी, पुढची पुष्कळ वर्षं.