लग्नाचा मेकप उतरवताना

माझं लग्न झालं त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सासरच्या कोणीही माझा चेहरा पाहिला नाही.

यात पदराचा काही दोष नाही. दोष माझ्या मावसबहिणीचा, शोभाचा. तिनं नुकताच नारायणगावात पार्लरचा कोर्स केला होता आणि माझ्या तोंडावर हात साफ करून घेतला. "ताई, घाम येऊ दे, रडू येऊ दे, हा मेकप हलायचा नाय!" ती म्हणाली. शोभा शब्दाला पक्की निघाली!

बेल्ह्याजवळ सासरी पोचल्यावर मी न्हाणीत शिरले. पाणी मारलं. मेकप हलेना. साबण लावला. काजळ तेवढं निघालं, ते गालांवर राहायला आलं! सकाळी सत्यनारायणाच्या पूजेला गावातल्या बायका नवरी बघायला येणार. मग घाबरून मी टाचा घासायचा दगड उचलला. (चौथीपर्यंतच्या शाळेत हे शिकवत नाहीत. हे माझं स्वतःचं डोकं.) नाकाचा शेंडा सोलला, पण पावडर तशीच.

सासूबाई दारात येऊन किंचाळल्या, "अगं बया! सकाळी काय दावू मी लोकान्ला? बाळू, लवकर ये!"

गोठ्यातून आमचे हे आले. तोवर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. पहिला शब्द त्यांनी काढला, "आधी तो दगड खाली ठेव."

त्यांनी वाटीत गोडेतेल आणलं, धोतराचा जुना मऊ तुकडा आणला आणि मला पाटावर बसवलं.

"डोळे मीट. हो... हो... राजा, हलायचं न्हाई."

"आरं, बायकू हाय ती!" सासूबाई म्हणाल्या.

"तोंडात येतं गं सवयीनं. पोळ्याचा रंग बैलाच्या तोंडावरनं असाच काढायचा. घासायचं न्हाई. आधी तेलानं सैल होऊ द्यायचा. डोळ्यापाशी तर बोटाचा भारसुदिक टाकायचा न्हाई."

उधळलेला बैल आवरणारा तो हात! पण माझ्या पापणीवरून फिरला तो मला कळलासुद्धा नाही. मग कोमट पाणी, नाकाला दुधाची साय. शेवटी ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला, "हां! आण्याला तुझ्या घरी बघितली व्हती ती हीच. मला वाटलं, बदलून दिली काय!"

सकाळी बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "सूनबाई, कशी तुकतुकीत कांती गं! काय लावतीस?"

मी मान खाली घातली. सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं, "आमच्या बाळूनं धुतलीया, बैलावानी!"

हशा उसळला. मी कानापर्यंत लाल झाले. एक म्हातारी पुढं सरकली, "एवढी धुतली म्हंता, आन्‌ लाली कशी ऱ्हायली?" असं म्हणून तिनं माझ्या गालावरून बोट ओढलं आणि उजेडात धरून पाहिलं.

बोट कोरडंच होतं. मी मात्र आणखी लाल!