घाटाआधीचा गिअर

चेन लहान दातेरी चाकावर उतरत नव्हती, एवढंच दुखणं होतं. पण त्या लहान चाकाशिवाय कात्रजचा जुना घाट मला चढता येणार नव्हता, आणि रविवार परवावर आला होता. मागच्या खेपेला मी अर्ध्यातून सायकल हातात धरून चालत वर गेले होते. साठीला टेकलेली बाई म्हणून आमच्या सायकल ग्रुपमधल्यांनी फार समजुतीने घेतलं. मला त्या समजुतीचाच जास्त राग आला होता.

शुक्रवारी दुपारी गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी केली. दुकानात द्यायची नव्हती, कारण मला बघायचंच होतं, की हाताशी खटका दाबला की तिकडे पायाशी चेन जागा कशी बदलते. पेडलपाशी धातूची एक छोटी चौकट असते, चेन तिच्यातून जाते. वायर ताणली की चौकट बाहेर सरकते आणि चेनला ढकलून मोठ्या चाकावर चढवते. वायर सैल झाली की स्प्रिंग चौकटीला परत आत ओढते. म्हणजे चढवणारी वायर, उतरवणारी स्प्रिंग. इतके दिवस मी या सायकलवर बसून गावभर हिंडत होते आणि मला याचा पत्ता नव्हता!

"गिअर आहेत पण बदलत नाहीत. म्हणजे शोभेचे आहेत," नवरा दारातून म्हणाला. "कात्रजला जायचंय ना? सर्पोद्यान बघ नि परत ये. घाटात काय ठेवलंय?"

त्यांना ही सायकल डोळ्यांसमोर नको असते, याचा पुरावाच माझ्याकडे होता. दसऱ्याला मी वाघोलीला लेकीकडे होते. दुसऱ्या दिवशी आले तर स्कूटरला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि शेजारी माझी सायकल बोडकी. घरातल्या पाना-पक्कडीचीसुद्धा पूजा करणारा हा माणूस. मी बोलले नाही, पण ते मला फार लागलं होतं.

चौकटीने किती आत यायचं हे एक स्क्रू ठरवतो. तो सैल केला. काही नाही. अजून सैल केला, तरी ढिम्म. मग वायरच धरून ठेवत असेल म्हणून तीच सोडून टाकली. आता तरी स्प्रिंगने चौकट आत यायला हवी होती. आली नाही. अंगठ्याने दाबली तर कशावर तरी अडली. म्हणजे दोष ना स्क्रूचा, ना वायरचा. मधे काहीतरी होतं! मोबाईलचा उजेड पाडून सुईने टोकरलं, तर तेलाने काळा झालेला दोऱ्याचा गुंता बाहेर आला. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या.

मी तो तळहातावर घेऊन आत गेले. "अहो, हे काय?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "हार घातला होता. हँडलला घातला तर ब्रेकमध्ये अडकेल, म्हणून खाली पेडलजवळच्या दांडीला बांधला. मग वाटलं, तू आल्या आल्या सायकल काढशील, हार चाकात जाईल आणि पडशील. म्हणून ओढून तोडला. राहिला असेल दोरा."

"मग मला सांगायचं तरी!"

"देवाला सांगितलं होतं, हिला सांभाळ म्हणून. तुला सांगून काय उपयोग? तू थोडीच ऐकतेस?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. स्क्रू परत जागेवर आणला. वायर आवळताना पक्कड त्यांनी धरली, अर्थात सल्ले देत देत. खटका दाबून पेडल फिरवलं, तशी चेन खट्दिशी खाली उतरली.

रविवारी घाटमाथ्यावरच्या जुन्या बोगद्यापाशी मी सायकलीवरूनच पोचले. धापा टाकतच घरी फोन लावला, तर पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"पोचलीस?"

"पोचले. कुठेही न उतरता."

"बरं. आता उतारावर ब्रेक दाबून ये. देवाला सारखं सारखं सांगायला बरं दिसत नाही."